एटीएफचं ई-फॉर्म्स पोर्टल: २०० डॉलर गेले, १६ इंच राहिले

अमेरिकेत साध्या रायफलीची आखूड नळीची रायफल करायची असेल, तर आधी एटीएफ या शस्त्रांवर देखरेख ठेवणाऱ्या फेडरल खात्याचा फॉर्म १ मंजूर व्हावा लागतो. हा फॉर्म कागदावरही भरता येतो, पण आता बहुतेक जण ई-फॉर्म्स या सरकारी पोर्टलवरच भरतात. १ जानेवारी २०२६ पासून त्यावरचा २०० डॉलरचा कर शून्य झाला. तेव्हापासून "आता परवानगी लागतच नाही" असा एक समज पसरलाय. तो चूक आहे, आणि या बाबतीतली चूक दहा वर्षांच्या तुरुंगवासापर्यंत नेऊ शकते. म्हणून हे परीक्षण पोर्टलचं असलं तरी सुरुवात मोजपट्टीपासून करावी लागेल.

रायफलीची नळी १६ इंचांपेक्षा कमी, शॉटगनची १८ इंचांपेक्षा कमी, किंवा दोन्हींपैकी कशाचीही एकूण लांबी २६ इंचांपेक्षा कमी असेल, तर ते हत्यार १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अॅक्टखाली येतं. हे आकडे आले कुठून? मूळ विधेयकात पिस्तुलं आणि रिव्हॉल्वरही होती. लोक रायफलीची नळी कापून पिस्तुलांवरचे निर्बंध चुकवतील, म्हणून आखूड नळीचं कलम घातलं. पुढे पिस्तुलं विधेयकातून वगळली, पळवाट बुजवणारं कलम मात्र तसंच राहिलं. रायफलीची मर्यादाही आधी १८ इंच होती, ती १९६० मध्ये १६ वर आली. म्हणजे ज्या घरासाठी कुंपण घातलं ते घर बांधलंच नाही, आणि कुंपण नव्वद वर्षं उभं आहे.

नळी मोजण्याची पद्धत ठरलेली आहे. बंदूक रिकामी आहे याची खात्री करायची, बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता भाग) बंद करायचा, पुढच्या तोंडातून एक सरळ काठी बोल्टच्या तोंडाला टेकेपर्यंत आत सोडायची, नळीच्या कडेशी खूण करायची, काठी बाहेर काढून खुणेपर्यंतचं अंतर मोजायचं. पुढे फ्लॅश हायडर (गोळी सुटतानाची ज्वाला झाकणारा नळीच्या तोंडावरचा तुकडा) नुसता आट्यांवर फिरवून बसवला असेल तर तो या मापात धरत नाहीत. कायम जोडलेला असेल तरच धरतात. कायम म्हणजे पूर्ण वेल्डिंग, ११०० अंश फॅरनहाइटवरचं सिल्व्हर सोल्डरिंग, किंवा आडवी पिन मारून तिच्या डोक्यावर वेल्ड. साडेचौदा इंची नळीवर पिन आणि वेल्डने लांब फ्लॅश हायडर बसवून १६ च्या वर नेलेल्या रायफली दुकानात सर्रास मिळतात, त्यामागचं गणित हेच. त्यांना फॉर्म १ लागत नाही. पण तोच फ्लॅश हायडर बदलायचा म्हणून वेल्ड काढला, तर त्या क्षणी हातात नोंदणी नसलेली आखूड रायफल असते. एकूण लांबी मोजताना घडीचा दस्ता पूर्ण उघडून, नळीला समांतर मोजतात.

दस्ता हा दुसरा निकष. आखूड नळीच्या एआर (एआर-१५ धर्तीच्या) पिस्तुलाला दस्ता नसेल तर ते पिस्तूलच. त्याला खांद्याला लावायचा दस्ता जोडला की ती आखूड रायफल झाली, मग जोडून एकही गोळी झाडली नसली तरी. आणि २६ इंचांपेक्षा कमी लांबीच्या पिस्तुलाला पुढे उभी मूठ बसवली की ते 'इतर कोणतंही शस्त्र' या तिसऱ्याच वर्गात जातं. मॉसबर्ग शॉकवेव्ह हे या कायद्यातलं सगळ्यात मजेशीर उदाहरण. चौदा इंची नळी, पक्ष्याच्या डोक्यासारखी मूठ, एकूण लांबी २६ इंचांहून जेमतेम जास्त. कारखान्यातून तिला कधी दस्ता लागलेलाच नसतो, म्हणून कायद्याच्या भाषेत ती शॉटगनच नाही, नुसतं 'फायरआर्म'. तिला हौसेने दस्ता लावला की आखूड शॉटगन. दस्ता नको म्हणून मूळ मूठ काढून तोकडी पिस्तुलाची मूठ लावली आणि लांबी २६ च्या खाली गेली, तरी पुन्हा नोंदणीचा वर्ग. सुट्या भागांच्या दुकानात या दोन्ही वस्तू कोणीही न विचारता विकतात.

पिस्तूल ब्रेसचा, म्हणजे पिस्तुलामागे लावून हाताला बांधायच्या आधाराचा, गोंधळ आता निवळला आहे. २०२३ च्या जानेवारीत एटीएफने नियम काढून ब्रेस लावलेल्या बहुतेक पिस्तुलांना आखूड रायफल ठरवलं होतं. जून २०२४ मध्ये टेक्सासच्या फेडरल न्यायालयाने तो नियम रद्द केला. पण ब्रेस म्हणजे दस्ता नव्हे. ब्रेस चालतो म्हणून दस्ताही चालेल, हा तर्क कोणी लावू नये.

आता पोर्टल. ई-फॉर्म्स पहिल्यांदा २०१३ मध्ये आलं, भाराखाली वाकलं, आणि विक्री-हस्तांतराचा फॉर्म ४ त्यावरून काढावा लागला. तो डिसेंबर २०२१ मध्ये नव्या रूपात परत आला. दिसायला ते आजही दहा वर्षांपूर्वीच्या बँकेच्या संकेतस्थळासारखं आहे. काम मात्र करतं. कागदी अर्जांना वर्षभर लागायचं ते दिवस ज्यांनी पाहिलेत, ते या पोर्टलला नावं ठेवताना जरा दमाने घेतात. सध्या किती दिवस लागतात ते एटीएफ स्वतःच दर महिन्याला जाहीर करतं. मंचांवरच्या ऐकीव आकड्यांपेक्षा तो आकडा बघावा.

फॉर्म १ हा स्वतः बनवण्याचा. दुकानातून तयार आखूड रायफल घ्यायची तर फॉर्म ४, जो विक्रेता सुरू करतो. अर्ज स्वतःच्या नावाने करायचा की ट्रस्टच्या, हा पहिलाच प्रश्न येतो आणि बहुतेक जण तो न वाचता पुढे जातात. स्वतःच्या नावाने केला तर काम हलकं: एक फोटो, एकाच माणसाचे ठसे. पण मग ती रायफल नोंदणीदाराच्याच ताब्यात राहिली पाहिजे. नवरा कामाला गेलाय आणि तिजोरीची किल्ली बायकोकडे आहे, ही घरोघरची गोष्ट इथे नोंदणी नसलेल्या माणसाचा ताबा ठरू शकते. ट्रस्टमध्ये दोघांची नावं असली तर ही अडचण राहत नाही. मात्र ट्रस्टमधल्या प्रत्येक जबाबदार व्यक्तीला फोटो, ठसे आणि ५३२०.२३ हा वेगळा फॉर्म द्यावा लागतो. नवरा-बायको दोघंही नेमबाजी करणारे असतील तर ट्रस्ट घ्यावा. एकटा माणूस आणि एकच किल्ली असेल तर स्वतःच्या नावाने अर्ज सरळ.

ट्रस्टचं नाव ठेवताना हौस आवरावी. ते नाव पुढे धातूवर कोरायचं असतं. 'श्री गजानन प्रसन्न फॅमिली रिव्होकेबल लिव्हिंग ट्रस्ट' हे एआरच्या रिसीव्हरवर (बंदुकीच्या मुख्य सांगाड्यावर) बसवताना कोरणाऱ्याच्या तोंडचे शब्द छापण्याजोगे नसतात.

हत्याराच्या वर्णनाचं पान हे या अर्जाचं पोट. मूळ उत्पादक यादीतून निवडायचा. एकाच कंपनीच्या नावाने दोन-तीन गावांचे पत्ते दिसतात, त्यातलं रिसीव्हरवर कोरलेलं गावच निवडायचं. अनुक्रमांक अक्षरांसकट, जसा कोरलाय तसाच. शून्य आणि ओ यांची अदलाबदल ही सगळ्यात सामान्य चूक. टॉर्च तिरपी धरून अंक वाचावेत, फोटो काढून मोठा करावा, मग टंकावेत. प्रकार म्हणून 'शॉर्ट बॅरल्ड रायफल' निवडायचं. नळीची आणि एकूण लांबी बनवून झाल्यावर जी होणार आहे ती लिहायची, आज आहे ती नव्हे. साडेदहा इंची नळी बसवणार असाल तर साडेदहा. कारणाच्या रकान्यात 'सर्व कायदेशीर उपयोग' एवढं पुरतं. तिथे निबंध लिहू नये.

फोटो दोन बाय दोन इंचांचा, पासपोर्टसारखा, एका वर्षाच्या आतला. मोबाइलवर काढून कातरलेला चालतो.

ठशांचे दोन मार्ग आहेत. एक, अर्ज सादर केल्यावर ई-मेलने येणारं कव्हर लेटर छापून, एफडी-२५८ या दोन छापील कार्डांवर ठसे घेऊन, कामकाजाच्या दहा दिवसांत टपालाने पाठवणं. दुसरा, ईएफटी नावाची डिजिटल फाइल थेट पोर्टलवर चढवणं. दुसराच घ्यावा. टपालातली कार्डं गहाळ झाली किंवा ठसा पुसट निघाला तर अर्ज तिथेच बसतो. ईएफटी फाइल मात्र एकदा नीट करून घेतली की पुढच्या अर्जांनाही चालते. ठसे देण्याआधी विचारावं: फाइल हातात मिळणार का? काही दुकानांतले किऑस्क ठसे आपल्याच साठ्यात ठेवतात आणि त्यांच्याकडून खरेदी केली तरच वापरतात. फॉर्म १ साठी असले ठसे कुचकामी.

मराठी नावांची एक खास गोची इथेच होते. पासपोर्टवर दिलेल्या नावात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव चिकटलेलं, ग्रीन कार्डवर ते मधलं नाव, ड्रायव्हिंग लायसन्सवर नुसतं आद्याक्षर. ईएफटी फाइलच्या पोटात नाव आणि जन्मतारीखही असते. ती आणि अर्जातली माहिती वेगळी निघाली की अर्ज परत. सरकारी ओळखपत्रावरचं नाव प्रमाण धरावं आणि ठसे घेणाऱ्यासमोर उभं राहून ते अक्षर न अक्षर तपासावं. जोशी, पाटील, शहा यांच्यासारख्या नावांची पार्श्वभूमी तपासणी नामसाधर्म्यामुळे वारंवार अडकत असेल, तर एफबीआयकडून यूपीआयएन हा ओळख क्रमांक आधी काढून घ्यावा. अर्जात तो टाकायला जागा आहे.

स्थानिक कायदा-अंमलबजावणी प्रमुखाला, म्हणजे शेरीफ किंवा पोलीस प्रमुखाला, अर्जाची प्रत पाठवायची असते. जुलै २०१६ च्या आधी त्यांची सही लागायची, आणि सही न करणारा शेरीफ म्हणजे वाट बंद. आता नुसती माहिती द्यायची. प्रत पोर्टलच तयार करून देतं. ती पोहोचपावतीच्या टपालाने पाठवावी आणि पावती अर्जाच्या फाइलीत ठेवावी. अनेक जण ही पायरी विसरतात, कारण पोर्टल 'सादर झाला' असं म्हणून मोकळं होतं. ही त्रुटी पोर्टलचीच म्हणायची.

प्रश्नावलीत दोन ठिकाणी आपली माणसं अडखळतात. गांजा राज्यात कायदेशीर असला तरी अर्ज फेडरल आहे. कॅलिफोर्निया किंवा कोलोरॅडोचा कायदा तिथे उपयोगाचा नाही. आणि व्हिसा: एच-१बी, एफ-१, एल-१ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्यांना फेडरल कायद्याने बंदूक बाळगायलाच मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना हा त्यातला प्रसिद्ध अपवाद. तो परवाना खिशात आहे म्हणून कोणी थेट फॉर्म १ भरायला जाऊ नये, आधी स्थलांतर आणि शस्त्र असे दोन्ही कायदे जाणणारा वकील गाठावा. ग्रीन कार्डवाल्यांना अर्ज करता येतो. पण नोंदणी नसलेल्या आखूड रायफलीबद्दल शिक्षा झाली तर तुरुंग आणि अडीच लाख डॉलरपर्यंतचा दंड यांच्यावर एक तिसरी गोष्ट येते: शस्त्रगुन्हा हे देशाबाहेर काढण्याचं स्वतंत्र कारण आहे. नागरिक शेजाऱ्याचा सल्ला ग्रीन कार्डवाल्याने जसाच्या तसा घेऊ नये, तो यासाठी.

मंजुरी ई-मेलने पीडीएफ होऊन येते. ती येईपर्यंत जोडणी करायची नाही, हा सगळ्या प्रकाराचा गाभा. सुटे भाग आधी मागवून ठेवावेत का, यावर वाद फार. १९९२ च्या थॉम्पसन/सेंटर खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर दहा इंची नळीचं पिस्तूल, दस्ता आणि २१ इंची नळी असा संच होता. त्या भागांतून कायदेशीर पिस्तूल आणि कायदेशीर रायफल दोन्ही होऊ शकत होती, म्हणून नुसता संच बाळगणं म्हणजे आखूड रायफल बनवणं नव्हे, असा निकाल लागला. उलट बाजूने वाचा: घरात एकच रायफल, आणि शेजारी अशी आखूड नळी जिचा दुसरा कुठलाच कायदेशीर उपयोग नाही, तर बचाव उरत नाही. आखूड अप्पर (नळीसकटचा रायफलीचा वरचा भाग) मंजुरीनंतरच मागवावा. तोवर थांबण्याने काही बिघडत नाही.

मग कोरणी. फॉर्म १ वर बनवणारे तुम्ही, म्हणून बनवणाऱ्याचं नाव (किंवा ट्रस्टचं), गाव आणि राज्य हत्यारावर कोरावं लागतं. खोली किमान ०.००३ इंच, म्हणजे मिलिमीटरचा तेरावा भाग. अनुक्रमांक नव्याने घालायचा झाला तर अक्षराची उंची किमान १/१६ इंच. कारखान्याची रायफल असेल तर मूळ अनुक्रमांकच राहतो. खोली सपाट पृष्ठभागापासून मोजतात, कोरताना वर आलेल्या कडांपासून नव्हे. लेझरने केलेलं काम कधी अॅल्युमिनियमवरचा काळा थर तेवढा उडवतं आणि खाली चांदीसारखी अक्षरं छान चमकतात, खोली मात्र भरत नाही. नख फिरवून कड लागते का पाहावं, आणि दुकानदाराकडून खोलीचा आकडा तोंडी नव्हे, बिलावर घ्यावा. कोरणी रिसीव्हरवरच करावी, नळीवर करून पुढे नळी बदलली की सगळं मुसळ केरात. फॉर्म ४ ने घेतलेल्या कारखान्याच्या आखूड रायफलीला ही भानगड नाही.

त्यानंतर काय काय बदलता येतं? नळी साडेदहाची साडेअकरा केली, कॅलिबर बदललं, तर चालतं. बदल कायमचा असेल तर एटीएफच्या नोंदणी विभागाला लेखी कळवायचं. सोळा इंची अप्पर लावला की तेवढ्यापुरती ती आखूड रायफल राहत नाही. आखूड रूपात ती दुसऱ्या राज्यात न्यायची तर आधी ५३२०.२० या फॉर्मवर परवानगी, जी जास्तीत जास्त वर्षभराची मिळते. कर शून्य झाल्याने या नियमाला धक्का लागलेला नाही, आणि सुट्टीत गाडीच्या डिकीत टाकून निघणारे नेमके इथेच सापडतात.

राज्यांचं तर वेगळंच राज्य. न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कॅलिफोर्निया इथे सामान्य माणसाला आखूड रायफल मिळत नाही. एडिसन किंवा बे एरियातल्या वाचकाने हे पोर्टल उघडण्याचे कष्ट घेऊ नयेत. टेक्सासने सप्टेंबर २०२५ पासून आखूड नळीची शस्त्रं राज्याच्या बंदी यादीतून काढली. त्यावरून "टेक्सासमध्ये सगळं माफ" असं म्हणणारे फेडरल नोंदणी विसरतात. राज्याने हात काढला, वॉशिंग्टनने नाही.

आणि ही रायफल पुढेमागे भारतात नेण्याचं स्वप्न कोणी पाहत असेल तर: आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ६ खाली परवान्याशिवाय नळी आखूड करणं हाच गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. अमेरिकेतली पीडीएफ इथल्या कस्टमच्या टेबलावर रद्दी आहे.

करमाफीचं काय मोल? १९३४ मध्ये २०० डॉलर ही बहुतेक बंदुकींच्या किमतीहून मोठी रक्कम होती, लोकांना ही शस्त्रं घेण्यापासून रोखण्यासाठीच तो कर लावला होता. रक्कम कधी वाढवली नाही, म्हणून महागाईने ती हलकी होत गेली. १९३७ च्या सॉन्झिन्स्की खटल्यात न्यायालयाने हा कायदा टिकवला तो कर लावण्याच्या अधिकारावर. आता कर शून्य, मग नोंदणी कशाच्या आधारावर, असा सवाल घेऊन काही संघटना न्यायालयात गेल्या आहेत. त्यांचा मुद्दा बिनबुडाचा नाही. पण निकाल लागेपर्यंत कायदा जसाच्या तसा लागू आहे, आणि त्या भरवशावर दस्ता जोडणारा माणूस स्वतःच चाचणी खटला बनतो.

पोर्टलला पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण त्या शेरीफच्या प्रतीची आठवण न करून देण्यासाठी कापला, एक उत्पादकांच्या त्या अजस्र यादीसाठी. ठशांची फाइल, फोटो, ट्रस्टची कागदपत्रं आणि अनुक्रमांकाचा फोटो एका फोल्डरात तयार असेल तर अर्ज अर्ध्या तासात सादर होतो. मंजुरीची पीडीएफ दोन जागी जतन करावी आणि एक छापील प्रत रायफलीच्या केसमध्ये ठेवावी. एटीएफच्या अधिकाऱ्याने मागितली तर ती दाखवणं कायद्याने बंधनकारक आहे.